आधी शिंपी, मग साडी: चार दिवसांसाठी नागपूरला येणाऱ्या पाहुणीची कपडेखरेदी

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या ऑफिसातली जर्मन मैत्रीण त्यांच्यासोबत नागपूरला लग्नाला येते आहे. गुरुवारी दुपारी विमानतळावर उतरायचं, रविवारी सकाळी लग्न, सोमवारी ताडोबा. मैत्रिणीची उंची ५ फूट १० इंच. साडी तिने आजवर नेसलेली नाही. तिला एक साडी, एक-दोन पंजाबी ड्रेस घ्यायचे आहेत, आणि जे घ्यायचं ते इथलंच असावं अशी तिची इच्छा आहे. परदेशी चेहरा पाहून कुणी भाव चढवेल अशी ताईंना धास्ती आहे. कुठे जावं, किती पैसे धरावेत, आणि एवढ्या वेळात शिवून होईल का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मी धरमपेठेत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. त्याआधी इतवारीत साडीच्या दुकानात बरीच वर्षं साड्या उलगडून दाखवल्या. दोन्हीकडून पाहिल्यावर एवढं ठामपणे सांगू शकते की नागपुरात साडी मिळाली नाही म्हणून कुणाचं अडत नाही, अडतं ते शिवण्यावर. बाहेरगावचे लोक दोन दिवस दुकानं पालथी घालतात, मनासारखी साडी घेतात आणि शनिवारी संध्याकाळी ब्लाउजपीस घेऊन शिंप्याच्या दारात उभे राहतात. तेव्हा कोणीही घाईत कापणारच, आणि घाईत कापलेलं ब्लाउज खांद्यावर ओढतं. तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यातल्या मुहूर्तांत तर चांगले शिंपी नवीन काम घेतच नाहीत. म्हणून ताई, तुम्ही विमानात बसण्याआधीच शिंपी ठरवा. ज्यांनी तुम्हाला लग्नाला बोलावलं आहे, त्यांच्या घरातल्या बायका जिथे ब्लाउज शिवतात तिथेच फोन करून गुरुवारची संध्याकाळ आणि शनिवारची दुपार मागून घ्या. ओळखीच्या घरातून आलेलं काम कोणताही शिंपी सहसा मागे ठेवत नाही.

गुरुवारी हॉटेलवर सामान टाकलं की सरळ मापाला जा, साडीच्या दुकानात नको. साडीच नाही तर माप देऊन काय करायचं, असं वाटेल. आम्ही काय करतो, तर आधी फक्त अस्तर कापून कच्चं टाकतो, म्हणजे सैल टाके घालतो, आणि अंगावर चढवून बघतो. ज्या अंगाला आपण कधी शिवलेलं नाही त्याला हा एकच खात्रीचा उपाय आहे. युरोपातल्या बायकांचे खांदे आपल्या नेहमीच्या मापापेक्षा रुंद असतात आणि पाठ लांब असते. आपलं साधं ब्लाउज चौदा-पंधरा इंच उंचीचं. तिला सोळापर्यंत लागू शकतं, नाहीतर हात वर केला की छातीखालची पट्टी वर सरकते. अस्तरावर हे सगळं आधीच दिसतं, तिथेच दुरुस्त होतं, आणि शुक्रवारी तुम्ही कापड आणून दिलं की त्याच साच्यावर ते कापायचं. अस्तर सुती घ्या आणि ते आधी भिजवून वाळवलेलं आहे ना हे विचारा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं.

माप देताना लग्नाच्या दिवशी आत जे घालणार तेच घालून जायला सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, अर्ध्या इंचाचा फरक इथूनच पडतो. छाती, छातीखालचा घेर, खांदा, मुंढा (बाही जोडतात तिथला घेर), बाहीची लांबी, दंडाचा घेर, पुढचा-मागचा गळा आणि उंची, एवढी मापं घेतली गेली की नाही ते तुम्ही स्वतः बघा. मुंढ्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगा. आपल्याला घट्ट मुंढ्याची सवय असते, त्यांना नसते. हात मोकळा फिरला पाहिजे हे आधी सांगितलं तर मुंढा अर्धा इंच खाली घेता येतो, शिवून झाल्यावर काही करता येत नाही. मागचा गळा फार खोल नको. पहिल्यांदा साडी नेसणारीला पदर सांभाळायचा असतो, पाठ सांभाळायचं आणखी एक काम कशाला द्यायचं? दोन्ही बाजूंना आत दीड इंच दाब, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, ठेवायला सांगा. ती वर्षभराने पुन्हा ते ब्लाउज घालेल तेव्हा तिच्या गावातला कुणीही शिवणकाम करणारा ते सैल करून देऊ शकेल.

त्याच वेळी परकरही शिवायला टाका. तयार परकर बहुधा अडतीस ते चाळीस इंच उंचीचे मिळतात, तिला बेचाळीसच्या आसपास लागेल. लग्नात जे सँडल घालणार ते पायात घालून कमरेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. परकर सुतीच हवा, नाडीचा. सॅटिनचा परकर चमकतो छान, पण त्यावरून साडी घसरते आणि नवख्या बाईचा सगळा दिवस कमरेवर हात ठेवण्यात जातो.

आता साडी. तुम्ही 'इथलंच' म्हणालात म्हणून मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक पाहुण्यांना नागपुरातून पैठणी न्यायची असते. पैठणी येवल्याची आणि पैठणची. इथे मिळते, चांगलीही मिळते, पण ती मुंबईतही मिळते. इथली, म्हणजे विदर्भाची म्हणावी अशी साडी म्हणजे करवतकाठी. अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, आणि काठ सुती, त्या काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. या साड्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

कोसा कुठून येतो ते तिला जरूर सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. तुतीच्या रेशमाच्या अळ्या घरात, सुपात वाढतात, या मात्र उघड्या झाडावर. पाखरं, मुंग्या, पाऊस यांपासून त्यांना राखावं लागतं, आणि हे काम पिढ्यान् पिढ्या ढिवर समाजातल्या कुटुंबांनी केलं आहे. कोष कडक असतो. तो उकळून मऊ करायचा आणि मग त्यातून सूत काढायचं. बायका मांडीवर सूत वळायच्या ती जुनी पद्धत, आता बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली आहेत. हाताने वळलेला कोशाचा धागा एकसारखा नसतो. कुठे जाड, कुठे बारीक. रंग न दिलेला कोसा मधासारखा दिसतो. साडी हातात घेतली की ती थोडी कडक, कोरडी लागते, बोटांतून निसटत नाही. हा पोत एकदा हाताला कळला की तुम्हाला मग कुणी फसवू शकत नाही.

विणणारे म्हणजे आमचे हलबा कोष्टी. गोळीबार चौक, पाचपावली या भागात एकेकाळी घरोघर माग होते, संध्याकाळी गल्लीतून जाताना धोट्याचा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीचा, आवाज यायचा. नागपूरची बारीक सुताची लुगडी आणि उमरेडची रेशीमकाठी धोतरं नावाजलेली होती. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि गिरणीच्या कापडाशी हातमागाची झुंज सुरू झाली. मिल बंद पडली, पण त्याआधीच यंत्रमागाने हातमागाचा मोठा हिस्सा नेला होता. आता करवतकाठी विणणारी घरं थोडी उरली आहेत. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव त्यासाठी ओळखलं जातं. नागपूरहून गाडीने दीड-दोन तास लागतात. शुक्रवारी सकाळी कुणी नेणारं असेल तर जा. माग चालताना बघितला की किमतीबद्दलचा तिचा प्रश्न तिथेच मिटेल. नसेल जमत तर हातमाग महामंडळाची विक्री केंद्रं बघा. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि रेशीम संचालनालयही इथेच. शहरात हातमाग आणि सिल्कची प्रदर्शनं भरतात, तुमच्या तारखांना एखादं असेल तर तिथे विणकरांच्या संस्था स्वतः बसलेल्या असतात.

अस्सल कशी ओळखायची? करवतकाठी तीन धोट्यांवर विणतात. एक धोटा अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्यात अडकवत नेतात आणि त्या अडकवण्यातूनच करवतीचे दात उभे राहतात. म्हणून साडी उलटी करा. दात मागूनही तितकेच स्वच्छ दिसले पाहिजेत, काठाचा रंग भरीव दिसला पाहिजे, अंगाच्या रंगाचा धागा काठात मिसळलेला नको. मागच्या बाजूला लोंबते किंवा कापलेले धागे दिसले, तर ती नक्षी यंत्रावर काढलेली आहे. छापलेले दात असतील तर मागून फिके दिसतील. काठावरून नख फिरवा. विणलेला दात किंचित हाताला लागतो.

दुसरी खूण जाळून बघण्याची. पदराच्या टोकाला दशा सुटलेल्या असतात. दुकानदाराला विचारून अंगाचा एक धागा आणि काठाचा एक धागा काढून घ्या. कोशाचा धागा जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. काठाचा सुती धागा कागदासारखा जळतो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. एकाच साडीतले दोन धागे दोन तऱ्हांनी जळतात, हे करवतकाठीच्या बाबतीत बरोबर लक्षण आहे. काठ सुती आहे म्हणून घाबरून जाऊ नका. धागा द्यायला जो दुकानदार नाही म्हणतो त्याच्याकडून कोसा घेऊ नका, दुसरं काही हवं तर घ्या.

लेबलांचं थोडक्यात सांगते. सिल्क मार्क हा केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली आला, तो रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. हँडलूम मार्क २००६ चा, तो कापड हातमागाचं असल्याचं सांगतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. शुद्ध रेशीम यंत्रमागावरही विणता येतं आणि हातमागावर पॉलिस्टरही. बिलावर मात्र आग्रहाने लिहून घ्या: टसर, हातमाग, करवतकाठी. हे तीन शब्द लिहायला जो कचरतो त्याच्या मनात काय आहे ते कळतं. 'आर्ट सिल्क', 'सेमी टसर', 'टसर फिनिश' असं लिहिलेलं असेल तर ती साडी वाईट असेलच असं नाही, पण तो कोसा नाही आणि कोशाचा भाव देऊ नका. माझ्याकडे ब्लाउजसाठी आलेली कित्येक 'टसर' कापडं इस्त्रीखाली चकाकी धरून आखडली आहेत. एका गिऱ्हाइकाने तर शहरातल्या मोठ्या दुकानातून पाच आकडी रक्कम देऊन तशी साडी आणली होती. बिलावर फक्त 'साडी' लिहिलं होतं, त्यामुळे त्या बाईला काहीच करता आलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण तेवढ्या पैशांत एका विणकराच्या घरी महिन्याचा किराणा भरला असता.

पैशांचं म्हणाल तर अस्सल कोशाची, हातमागाची करवतकाठी दोन-तीन हजारांत येऊच शकत नाही. सूत, रंग आणि विणणाऱ्याचे दिवस धरले तर ते गणितच बसत नाही. आठ-दहा हजारांची तयारी ठेवा, पदर भरलेला असेल तर त्याहून बरंच जास्त. एवढं बजेट नसेल तर कोशाचा हट्ट सोडा आणि सुती काठपदराची चांगली साडी घ्या. हजार-दीड हजारातही ती सुंदर मिळते आणि नागपूरच्या उन्हात तर ती रेशमापेक्षा बरी. मार्चनंतर येणाऱ्यांना मी सुतीच सुचवते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, अशा उन्हात मंडपात बसायचं असेल तर जरीची जड साडी घेऊ नका.

तुमच्या मैत्रिणीसाठी साडी निवडताना रंगाआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा. हे फार लोक सांगत नाहीत. साडीची लांबी सर्वांना पुरते, ब्लाउजपीस धरून सव्वासहा मीटरच्या आसपास असतेच. उंच बाईचं अडतं ते पन्ह्यात. पन्हा चव्वेचाळीस इंच असेल तर वर खोचायला दोन-तीन इंच जातात, निऱ्यांच्या फुगवट्यात आणखी थोडं जातं, आणि खालून घोटा दिसतो. तिच्यासाठी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा पन्हा शोधा. दुकानात टेप मागा, हाताने अंदाज नको. आवडलेली साडी नेमकी कमी पन्ह्याची निघाली तर उपाय आहे. जो काठ कमरेत खोचला जातो त्याला आतून त्याच रंगाची चार इंचाची सुती पट्टी जोडायची. बाहेरून काही दिसत नाही. आम्ही हे उंच नवऱ्या मुलींसाठी नेहमी करतो. फॉल लावायला द्याल तेव्हाच हे सांगा. फॉल-पिकोला शंभर-दोनशे रुपये लागतात, पट्टीचे थोडे जास्त. एक लक्षात ठेवा, फॉल लागला की साडी कुणी बदलून देत नाही. म्हणून फॉलला देण्याआधी साडी पूर्ण उलगडून, उजेडात, डाग आणि विरलेली जागा बघून घ्या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांत रंग बदलतो. साडी दाराशी नेऊन बघायला कुणी नाही म्हणत नाही.

बाजाराचं सांगते. कपड्याचा ठोक बाजार गांधीबाग आणि इतवारीत. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, मेट्रोच्या ॲक्वा लाइनने अग्रसेन चौक स्टेशनला उतरलं की गांधीबाग चालत जाता येतं. गाडी नेऊ नका, तिथे ती उभी करायला जागा मिळत नाही. ठोकवाले एक नग द्यायला तयार होतीलच असं नाही, आणि रविवारी पेढ्या उघड्या मिळतील असं धरू नका. पण इतवारीत चिल्लर विकणारी जुनी साडीची दुकानंही भरपूर आहेत. तिथे चपला काढून गादीवर बसायचं, चहा येतो, आणि साड्यांचा ढीग पडतो. तिला हा अनुभव जरूर द्या, त्यासाठी दोन तास काढून ठेवा. महालात केळीबाग रोडवर घरगुती गिऱ्हाईक जास्त, सुती आणि रोजच्या साड्यांना ती बाजू चांगली. बर्डीवर सगळं मिळतं: मोठी दुकानं, फेरीवाले, तयार ब्लाउज, बांगड्या. अस्तर, परकर, फॉल, ब्लाउजपीस यांसाठी मॅचिंग सेंटर बर्डीवर आणि धरमपेठ-गोकुळपेठेत पावलापावलावर आहेत. खरेदीला सकाळी अकरानंतर जा. उन्हाळा असेल तर दुपार सोडून पाचनंतर.

भाव चढवतील ही तुमची धास्ती मला थोडी अवाजवी वाटते. मोठ्या दुकानांत चिठ्ठीवर किंमत असते आणि ती सगळ्यांना एकच. लहान दुकानांत घासाघीस होते, पण ती नागपूरच्या बाईशीही होते. मैत्रिणीला बाहेर उभं करून तुम्ही आत भाव ठरवायचा, असं कुणी सुचवेल. ते करू नका. तिला ते अपमानाचं वाटेल आणि पोत हाताला कळण्याची संधी जाईल. त्यापेक्षा बसल्याबसल्या स्पष्ट सांगा: 'भाऊ, कोसा दाखवा, हातमागाचा, करवतकाठी, इतक्यापर्यंत.' नेमकं मागणाऱ्या गिऱ्हाइकासमोर विकणाराही सरळ होतो. 'पाहून तर घ्या ताई' म्हणत तो वरच्या किमतीची एखादी टाकेलच, त्याला हसून नाही म्हणा. पहिल्या दुकानात घेऊ नका, दोन ठिकाणी कोसा हाताळा आणि मग ठरवा. एवढं मात्र टाळा: ऑटोवाला किंवा हॉटेलातला माणूस ज्या दुकानाचं नाव पुन्हा पुन्हा सांगतो तिथे जाऊ नका. त्याचं कमिशन बहुतेक वेळा तुमच्या बिलात धरलेलं असतं. आणि विणकर स्वतः विकत असेल तर त्याच्याशी घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुकानदाराने पाचशे सोडले तर ते नफ्यातून जातात, विणकराने सोडले तर मजुरीतून.

रंगाचं काय? घरच्यांना विचारा, लग्न कोणत्या पद्धतीचं आहे. हिंदू लग्नात पूर्ण काळी आणि कोरी पांढरी साडी टाळतात. बौद्ध लग्न असेल तर नवरी मुलगी पांढऱ्या साडीत असते, तेव्हा पाहुणीने पांढरं सोडून काहीही नेसावं. तुम्ही जर दसऱ्याच्या सुमारास येणार असाल तर आणखी एक गोष्ट. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, बायका पांढऱ्या साड्यांत असतात. त्या दिवसांत हॉटेल आणि रेल्वे आधीच धरून ठेवावी लागते. तिला दीक्षाभूमीला जायचं असेल तर साधी पांढरी सुती साडी नेसून किंवा कुर्ता घालून गेली तर लोकांना आपलेपणा वाटेल. १९५६ साली तिथे काय घडलं ते तिला आधी सांगा. बाजार बघायला गेल्यासारखं तिथे जायचं नसतं.

मधासारख्या कोशावर लाल, मरून किंवा गर्द हिरव्या काठाची करवतकाठी गोऱ्या रंगाला फार शोभते. ब्लाउज साडीतल्याच पीसचं शिवायचा हट्ट नको. काठाच्या रंगाचं सुती किंवा खणाचं ब्लाउज शिवा. कोशाचा पीस मऊ विणीचा असेल तर शिवणीवर ओढ पडून उसवतो. तो शिवायचाच असेल तर अस्तराशिवाय शिवू नका.

पंजाबी ड्रेसवर फार वेळ घालवू नका. ड्रेस मटेरियल घेऊन शिवत बसण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही. तयार कुर्ता आणि सुती सलवार किंवा पँट घ्या. बर्डी, जरीपटका, खामला, कुठेही मिळतील. तिच्या खांद्याला बसेल तो साइज घ्यायचा, कमरेला सैल झाला तर बाजूने घ्यायला अर्धा तास लागतो. खांदा मात्र कमी-जास्त करता येत नाही. बाही आखूड पडेल, म्हणून पाऊणबाही किंवा अर्धी बाही बघा. ओढणी सुती, मोठी घ्या, उन्हात इथे सगळ्याच तिने तोंड-डोकं बांधतात. ताडोब्याला जाताना यातले भडक रंग घालू नयेत, मातकट किंवा फिका हिरवा कुर्ता एखादा त्यासाठीच निवडून ठेवा.

शनिवारी दुपारी ब्लाउज ताब्यात घ्याल तेव्हा तिथेच घालून, हात वर करून, खाली वाकून बघायला सांगा. शक्य असेल तर साडीही सोबत न्या आणि एकदा नेसवून घ्या. निऱ्या किती पडतात, पन्हा पुरतो का, पदर किती लांब सोडायचा, हे आदल्या दिवशी कळलं की रविवारी सकाळी घाई होत नाही. निऱ्या एकत्र धरून आतून एक मोठी सेफ्टी पिन, खांद्यावर एक, आणि पदर मोकळा ठेवायचा असेल तर ब्लाउजच्या मागे एक. कोशावर पिन लावताना पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर पदर जड असेल तर धागा सरकून भोक पडतं. पहिल्यांदाच नेसणार असल्याने सहावारीच बरी. नऊवारीची फारच हौस असेल तर शिवलेली नऊवारी मिळते, सलवारीसारखी चढवायची. पण तिचंही माप आधी द्यावं लागतं, आणि मग कोशाची ही साडी कापायची नाही, त्यासाठी वेगळी घ्यायची.

एवढं सगळं करूनही ब्लाउज वेळेत नाहीच झालं, तर बर्डीवर ताणणाऱ्या कापडाची तयार ब्लाउज मिळतात. काळं, सोनेरी, मरून असे रंग कोणत्याही साडीवर जातात. एक गुरुवारीच घेऊन ठेवा. पाचशेच्या आत येतं आणि रविवारची चिंता उरत नाही.

लग्न झालं की साडी लगेच घडी करून बॅगेत टाकू नका. रात्रभर पंख्याखाली, उन्हात नाही, दोरीवर पसरून ठेवा. घामाचा ओलावा घडीत राहिला तर कोशावर डाग धरतात आणि ते निघत नाहीत. परत नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या मलमलच्या फडक्यात गुंडाळा. ही साडी ती घरी मशिनमध्ये टाकेल, म्हणून तिला आत्ताच सांगून ठेवा: पहिल्यांदा ड्रायक्लीन, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घालायची, कारण कोसा एकाच घडीवर वर्षभर राहिला तर तिथेच विरतो.